रानातलं की शेतातलं?

मुलांनो, या आठवड्याच्या गठ्ठ्यात सांगलीचं एक पत्र निघालं. सातवीतला एक मुलगा लिहितो, ‘काका, माझा आतेभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. त्यात त्याला प्रवाळ ठेवायचं आहे. दुकानात दोन प्रकार आहेत. एक समुद्रातून काढलेलं, ओंजळभर. दुसरं शेतीत वाढवलेलं, करंगळीएवढं. किंमत जवळजवळ सारखीच. मी त्याला म्हटलं, मोठंच घे! बरोबर ना?’

थांब रे राजा! आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. दिसायला दगड किंवा झुडूप, पण तो असतो प्राणी. एक नव्हे, हजारो इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहतच ती! प्रत्येकजण आपल्याखाली चुन्याचं घर बांधतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. गोल, दगडासारखी प्रवाळं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. म्हणजे ती ओंजळ भरायला कदाचित तुझ्या वयाहून जास्त वर्षं लागली असतील. छिन्नीनं ती काढायला मात्र काही मिनिटं पुरतात.

मग शेती कशी करतात? तू सांगलीचा, तुला लगेच कळेल. उसाचं बी पेरतात का? नाही. कांडं लावतात. इथंही तेच! एका मोठ्या प्रवाळाची फांदी कापायची, गोंदासारख्या चिकट पदार्थानं छोट्या चकतीवर चिकटवायची, की झालं बेणं तयार. या तुकड्याला शौकीन लोक ‘फ्रॅग’ म्हणतात. इंडोनेशिया, फिजी अशा देशांत किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात मांडव घालून त्यावर असे तुकडे वाढवतात. काहीजण घरच्या टाकीतही वाढवतात.

तुम्ही म्हणाल, ‘लहान तर लहान, फरक काय पडतो?’ पडतो बरं का! टाकीत वाढलेल्या तुकड्याला दिव्याच्या उजेडाची सवय असते, म्हणून तो नव्या टाकीत लवकर रुळतो. समुद्रातून आलेल्याबरोबर कधी कधी त्याला खाणारे चपटे किडेही फुकट येतात! आणि समुद्र आधीच तापतोय. पाणी फार गरम झालं की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१६ आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये हे जगभर घडलं. अशा आजारी घरातून आणखी सामान कशाला काढायचं?

पण एक बाजू तीही आहे. बेटांवरच्या लोकांचं पोट या धंद्यावर चालतं. म्हणून त्यांच्याच समुद्रातल्या शेतीतला तुकडा घेतला, तर खडकही वाचतो आणि त्यांची चूलही पेटते. आतेभावाला सांग, परवान्याचा कागद पाहायला माग. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला ‘साइट्स’ कराराखाली परवाना लागतो, आणि त्यात मूळ लिहिलेलं असतं. ‘डब्ल्यू’ असेल, तर माल रानातला. चकतीही नीट बघायला सांग. वाढवलेल्या प्रवाळाचं बूड बहुधा चकतीवर पसरलेलं असतं. ताजं तोडून नुसतं चिकटवलेलं असेल, तर तसं दिसत नाही.

आता पत्रातली शेवटची ओळ. ‘मालवणला वाळूत सापडलेलं एक प्रवाळ मी शोकेसमध्ये ठेवलंय. ते पाण्यात टाकलं तर वाढेल का?’

नाही रे. ते मेलेलं आहे. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे सगळ्या दगडी प्रवाळांना वाघाइतकंच संरक्षण आहे. जिवंत असो वा वाळलेलं. तोडायचं नाही, विकायचं नाही, घरी ठेवायचं नाही. म्हणजे भारतात ‘रानातलं की शेतातलं’ हा प्रश्नच दुकानात उभा राहत नाही!

तू घाबरू नकोस. माझ्या लहानपणी आमच्याही टीव्हीवर असाच एक तुकडा होता. पाहुणे ‘वा!’ म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. तो कुणाचं तरी घर होता, हे मला फार उशिरा कळलं. तुला सातवीतच कळतंय. हे पान आई-बाबांना वाचून दाखव आणि तो तुकडा जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात नेऊन द्या. जिवंत प्रवाळ पाहायचं असेल, तर पुन्हा मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात, काचेचा चष्मा लावून, हात मागे बांधून बघ. काय दिसलं ते मला कळव. वाट पाहतोय.

तुमचा,
काका