रातांब्याची साल आणि सालीचा भाव



फळांच्या साली आणि झाडपाल्याचे रस बाटलीत भरून 'आरोग्यदायी पेय' म्हणून विकण्याचा धंदा सध्या जोरात आहे. कोकणाला यात नवे काही नाही. रातांब्याचा खरा माल सालीतच असतो. आमसूल, आगळ, अमृत कोकम सारे सालीचे. बी तेलाला जाते. प्रश्न एवढाच, की सालीचे पैसे कोणाच्या पदरात पडतात?

रातांबा पिकतो आणि पाऊस डोक्यावर येऊन बसतो. पावसात सापडलेले फळ झाडाखालीच कुजते, आमसुले वाळत नाहीत. व्यापारी हे पुरते ओळखून असतो. मेअखेरीस तो सांगेल तो भाव! म्हणजे आपण मार खातो तो घाईपायी. या घाईवरचा उपाय घरातच आहे, तो म्हणजे मीठ. साल मिठाच्या थरात घालून रोज हलवली आणि काही दिवसांनी गाळली की आगळ होते. ते पुढच्या हंगामापर्यंत टिकते. ज्याच्या घरात पिंप भरलेले आहे, तोच 'या भावाने देत नाही' असे म्हणू शकतो. म्हणून आमचे सांगणे आहे, की ओला रातांबा विकू नका.

दुसरी गोष्ट मोजमापाची. पेय करणाऱ्याला सालीतला लाल रंग आणि आंबटपणा हवा असतो. उष्णतेने आणि उजेडाने हा रंग उतरतो. जो नीट सांभाळतो त्याला जादा दाम मिळालाच पाहिजे. दुधाला फॅटवर भाव, उसाला उताऱ्यावर. मग आगळाला रंगावर आणि आम्लावर का नको? आणि खर्च मांडताना फळे वेचणाऱ्या, फोडणाऱ्या मायबहिणींची मजुरी धरा. घरची बाई म्हणजे फुकटची बाई, हा हिशेब आता बंद.

तिसरी गोष्ट सचोटीची. सालीतल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाने वजन उतरते, असे सांगून माल खपवला जातो. कोकमाची भाऊबंद असलेल्या केरळच्या कुडमपुळीतही हेच आम्ल असते. १९९८ साली अमेरिकेत तिचा अर्क १३५ जणांवर १२ आठवडे तपासला गेला. औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अर्क घेणाऱ्यांचे वजन काही जास्त उतरले नाही. शिवाय आगळात मीठ भरपूर, अमृत कोकमात एक किलो सालीला दोन किलोपर्यंत साखर. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा बाटलीवर मीठ-साखरेचे प्रमाण स्पष्ट छापा. रोग बरे करण्याची भाषा नको. तहान भागवणारे, चवीचे, अस्सल पेय एवढे सांगितले तरी पुरे. खोटा दावा उघडा पडला, की गिऱ्हाईक साऱ्या कोकणच्या मालाकडे पाठ फिरवील.

हंगामाआधी गावोगाव बैठका घ्या. किती पिंपे, किती मीठ, कमीत कमी कोणता भाव, हे आधी ठरवा. पाऊस कोणासाठी थांबत नाही. पण भरलेले पिंप थांबू शकते.