शीर्षकातला क्रमांक

मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’चे काही भाग अलीकडे पुन्हा पाहिले. १९८०च्या दशकातील ही पोलिसकथांची मराठी मालिका बी. पी. सिंग यांची, त्यात शिवाजी साटम होते. १९९८ साली याच जोडीची ‘सीआयडी’ आली आणि तिच्या प्रसिद्धीत ही मालिका झाकोळली. आता तिचा उल्लेख होतो तो ‘सीआयडी’ची रंगीत तालीम म्हणून. हे मला मान्य नाही.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत झुंजार, काळापहाड ही नावेच वाचकाला ओढून नेत. इथे शीर्षकात माणूस नाही, पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक आहे. (बीबीसीच्या १९६२च्या ‘झेड-कार्स’च्या शीर्षकातही माणूस नव्हता.) म्हणजे कथेचा आरंभ नायकापासून नव्हे, तर हाक मारणाऱ्या सामान्य माणसापासून होतो. मराठी रहस्यकथेतील हे स्थित्यंतर लहान नाही. पण तिच्याविषयी शिकवताना आम्ही प्राध्यापक मंडळी अर्नाळकरांपाशीच थांबतो.

अर्थात हाक मारायला साधन हवे. नगर जिल्ह्यातील आमच्या गावात तेव्हा फोन टपाल कचेरीत, तोही एकच. शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून मालिका पाहताना गुन्हेगार कोण यापेक्षा, फोन केला की कुणीतरी धावून येते, हेच अद्भुत वाटे.

यंदा एक भाग वर्गात दाखवला. आज क्रमांक ११२ आहे, त्यामुळे आधी शीर्षकच समजावून सांगावे लागले. मग मागच्या बाकावरून एकीने विचारले, “सर, तेव्हा फोन केला की खरंच यायचे?”