इंजिन बंद ठेवायची सहल

पुणेकराला वाघ बघायचा असला की डोकं फारसं चालवावं लागत नाही. ताडोब्याचं गेट निवडायचं, जिप्सी बुक करायची आणि पहाटे थंडीत कुडकुडत गाइड दाखवेल तिकडे मान वळवायची. कोरड्या मुलखात ही सोय कमी. तिथले बरेचसे प्राणी कुंपणाबाहेरच राहतात. रस्त्याकडेच्या गवतात, हरभऱ्याच्या बांधावर, मिठागरांच्या पलीकडे. त्यामुळे स्वतःची गाडी घेऊन जायला तिथे खरी मजा आहे, पण कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि कुठून मुकाट्यानं मागे फिरायचं, हे सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं.

या हिवाळ्यात आम्ही कच्छला निघालोय. आखणीचं काम भाचीनं आपणहून अंगावर घेतलं आणि दोन दिवसांत एक्सेलची शीट पाठवली. जैसलमेर, काळविटांसाठी तालछापर, करकोच्यांसाठी खीचन, मग छोटं रण, मग भुज. रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल. "मावशी, हायवे काय मस्त झालेत अगं, होईल सगळं." होईलच. पुण्याहून जैसलमेर साधारण तेराशे किलोमीटर, तेही होईल. पण मग आपण हायवेच बघून येऊ.

मी पहिली काट जैसलमेरवर मारली, त्याबरोबर तालछापर आणि खीचनही गेलं. मन घट्ट करून. तिथल्या डेझर्ट नॅशनल पार्कचा पसारा 3162 चौरस किलोमीटर आणि अख्ख्या देशात उरलेले माळढोक दीडशेच्या आतबाहेर. एका सकाळीत तो दिसावा, असं शीटमध्ये लिहून काय उपयोग? शिवाय त्याच्या वाट्याला आलेल्या विजेच्या तारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तारा जमिनीखालून न्या, असा आदेश 2021 मध्ये झाला आणि 2024 मध्ये तो सैल करून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला गेला. सोलापूरजवळ नान्नजला याच पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. तिथे आता माळढोक दिसला तर ती पेपरात छापायची बातमी असते. अशा पक्ष्याला भेटायचं तर सवड काढून, त्याच्या एकट्यासाठी जावं. जाता जाता उरकू नये.

कच्छला जाण्याआधी रंगीत तालीम करायची, ही माझी अट होती. त्यासाठी पुण्यासारखं शहर नाही. दिवेघाट चढून सासवडच्या पुढे गेलं की पाऊस आटत जातो. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस बारामती-इंदापूरला पोचेतो पाचशेवर येतो. मग कुसळी, पवन्या आणि मारवेलचे माळ, मध्ये तरवड, हिवर आणि बोर. जेजुरी-मोरगाव करून सुप्याला पोचलं की मयूरेश्वर अभयारण्य, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. गणपतीला जाणाऱ्या कितीतरी गाड्या त्याच्या जवळून जातात. आत चिंकारा आहेत. हे हरीण पाण्यावाचून बरेच दिवस काढतं, पाला-गवतातल्या ओलाव्यावर भागवतं.

या माळावर जे शिकता येतं ते कच्छमध्ये जसंच्या तसं कामाला येतं. सूर्य पाठीशी ठेवून गाडी लावायची. उजाडल्यापासूनचे दोन-अडीच तास आणि मावळतीआधीचा दीड तास, एवढीच खरी वेळ. मधली दुपार जेवणाला आणि झोपेला. गाडी थांबली की इंजिन बंद, काच आधीच खाली घेतलेली, दार उघडायचं नाही. चिंकाऱ्याला उभी गाडी चालते, उभा माणूस चालत नाही. गाडीतून पाय खाली टेकला की तो क्षितिजाकडे सुटलाच म्हणून समजा. आणि थांबायचं ते पाण्यापाशी. सकाळी ऊन जरा वर आलं की पखुर्ड्या थव्यानं पाणवठ्यावर उतरतात. पिल्लं असली तर नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि तसाच उडत जाऊन पिल्लांना पाणी पाजतो. हे बघायला एका डबक्याशी तासभर बसावं लागतं. तासभर न बोलता बसणं हे आमच्या घराण्यात अवघड काम आहे, म्हणून तर तालीम.

दुसरा नियम चाकांचा. मळलेली वाट सोडायची नाही, मग लांडगा कितीही जवळून जात असो. चंडोल, धाविक आणि पखुर्डी यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात. दगडगोट्यांत चार पावलांवरूनही अंडी दिसत नाहीत, टायरखाली तर नाहीच. सासवड परिसरात लांडग्याची पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत गाड्यांची जी रांग लागते ती मला बघवत नाही. हातात लाखांची लेन्स आणि गाडी बिळापासून हाकेच्या अंतरावर. रात्री सर्चलाइट घेऊन तरस शोधत फिरणारे वेगळेच. या माळांवर धनगरांची मेंढरं आणि लांडगे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांभाळत, भांडत राहिले. धनगर लांडग्यावर चिडतो, पण त्याला तो ओळखतो. आपण ओळखतो फक्त त्याचा फोटो. लांडग्याला दुसराही धोका आहे. पुण्याच्या परिसरातल्या लांडग्यांमध्ये भटक्या कुत्र्यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या उष्ट्या-खरकट्याच्या ढिगाऱ्यांवर हे कुत्रे पोसले जातात.

वनविभागानं इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, ते बरं केलं. ठरलेली वाट, नोंद, सोबत गावातला वाटाड्या. सरकारी कागदावर ज्या जमिनीला पडीक म्हणायची पद्धत आहे, चर खणून ग्लिरिसिडिया लावायची हौस आहे, तिथे गवत बघायला तिकीट काढून लोक येतात, हे गावालाही दिसलं पाहिजे. कडबनवाडी पुण्याहून सवाशे किलोमीटर. पहाटे निघालं तर सूर्योदयाला पोचता येतं. मोज्यांत कुसळं भरतील, तेवढं सोसावं.

आता कच्छचा रस्ता. भाचीच्या शीटमध्ये सुरत-वडोदरा-अहमदाबाद असा वळसा होता. तो मी बदलला. सुरतेजवळच्या हजिरा बंदरातून भावनगरजवळच्या घोघ्याला गाडीसकट नेणारी रो-रो फेरी 2020 पासून आहे. जमिनीवरून पावणेचारशे किलोमीटर पडतात, समुद्रातून नव्वदच्या आसपास. खंबातच्या आखातातून तीन-चार तास बसून जायचं आणि ड्रायव्हरला झोप काढू द्यायची. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे नवरा. समुद्र खवळलेला असला की फेरी रद्द होते, म्हणून त्या दिवशी पुढचं काही घट्ट बांधलेलं नाही.

घोघ्याहून वेळावदर जवळ. 34 चौरस किलोमीटरचं हे काळवीट राष्ट्रीय उद्यान म्हणजे पूर्वी भावनगर संस्थानाचं राखीव गवताचं रान. तिथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले. आपल्या कोल्हापूर दरबारीही हा शौक होता, चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते. चित्ते गेले, काळविटं राहिली. संध्याकाळी इथे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात. मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातून ते इथे हिवाळ्याला येतात. मी दोन रात्री इथे टाकल्या. "दोन? एकाच पार्कात?" भाचीचा फोन. हो, एकाच पार्कात दोन संध्याकाळी.

मग छोटं रण. इथे मात्र आपली गाडी गावात ठेवायची आणि स्थानिक माणसाच्या जीपमध्ये बसायचं, याबाबत मी कोणाशी वाद घालत नाही. रणाचा वरचा थर वाळून तडकलेला असतो आणि खाली चिखल असतो. तो थर कुठे गाडीचं वजन पेलेल हे तिथे जन्मलेल्यालाच कळतं. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं आणि उंचवटे तेवढे बेटांसारखे वर राहतात. लोक त्यांना बेटच म्हणतात. चारा तिथे, म्हणून घुडखरही तिथे. ही रानटी गाढवं रोगाच्या साथींमुळे 1969 मध्ये 362 पर्यंत खाली आली होती. 2024 च्या गणतीत 7,672 भरली. जीपवाल्याला आधीच सांगून ठेवायचं की पाठलाग नको, घुडखर किती जोरात पळतं ते आम्हाला बघायचं नाही. बहुतेक पर्यटकांना तेच हवं असतं, त्यामुळे तो जरा चक्रावेल. वाटेत अगरियांची मिठागरं लागतील. सात-आठ महिने रणात राहून मीठ पिकवणाऱ्या या लोकांच्या झोपडीत चहा मिळाला तर घ्यावा आणि फोटो विचारून काढावा.

भुजला चार रात्री. तिथून उत्तरेला बन्नीचा गवताळ पट्टा, ज्यात गांडो बावळ नावाच्या परदेशी बाभळीनं अर्धी जागा खाल्ली आहे, आणि छारी ढंढचं पाणथळ. ढंढात पाणी किती आणि करकोचे-रोहित किती हे मागच्या पावसावर ठरतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून विचारायचं. सीमा जवळ असल्यानं ओळखपत्रं मूळ प्रतीत, परवानगी आधी काढलेली आणि ड्रोन घरी. खावड्याच्या पुढे काळा डुंगर. वर दत्ताचं देऊळ आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तानं आपलं अंग देऊ केलं, अशी कथा सांगतात. आमच्या सासूबाईंना वन्यजीव सहलीत रस नव्हता. गाणगापूरचा दत्त ठाऊक असलेल्या बाईला हा कोल्ह्यांचा दत्त कळल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली. जंगली जनावराला खाऊ घालणं मला एरवी पटत नाही. इथे मी तोंड बंद ठेवणार आहे.

शेजारचे काका म्हणतात, एवढे कष्ट घेता तर नामिबियाला का जात नाही? त्यांच्या मुलानं एटोशा स्वतः गाडी चालवून केलं. तिथेही गाडी डाव्या बाजूनंच चालवतात. पाणवठ्यांचे नकाशे मिळतात, मुक्कामाच्या जागी रात्री दिवा लावलेला पाणवठा असतो आणि सूर्यास्ताला फाटक बंद. मान्य. तिथे नियम पाळायला फाटक आहे, माळावर ते आपल्यालाच पाळावे लागतात. आणि विमानाचं तिकीट काकांनी काढून दिलं तर मी विचार करेन.

गाडीची तयारी नवऱ्याकडे. स्टेपनीत हवा, पंक्चरचं सामान, माणशी रोज पाच लिटर पाणी, नकाशे फोनमध्ये उतरवून. बन्नीत रेंज जाते तेव्हा गुगलवरची श्रद्धा कामाची नाही. पेट्रोल टाकी अर्धी झाली की भरायचीच. संध्याकाळी "बसणाऱ्या" मंडळींना गुजरातचा परवाना काढावा लागेल, ते त्यांचं त्यांनी बघावं.

तारखांवरून मात्र घरात खडाजंगी झाली. भाचीला पांढऱ्या रणात पौर्णिमा हवी. पौर्णिमेला धोरडोला रणोत्सवाची गर्दी आणि भुजच्या हॉटेलांचे भाव दुप्पट. नवऱ्याला संक्रांतीची जोडून सुट्टी हवी. उत्तरायणाला गुजरातभर पतंग, आकाशात मांजा, आणि त्यात अडकणारे पक्षी बघायला मी एवढ्या लांब जाणार नाही. शेवटी फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला. भोवत्या तेव्हा असतात, करकोचेही मार्चपर्यंत हलत नाहीत आणि दुपारी गाडीत भाजून निघत नाही. पौर्णिमा त्या आठवड्यात पडली तर भाचीचं नशीब. आता ऑफिसातून रजेचं उत्तर आलं की फेरीचं बुकिंग करायचं आणि पुढचे दोन टायर बदलून घ्यायचे.