बँडला बसायला खुर्ची द्या

वरातीतला बँड आपण पाहतो, ऐकत नाही. आता तर डॉल्बीपुढे तो ऐकूच येत नाही. पितळेचा हाच सूर छताखाली, बसून, हळुवार वाजला तर किती भारदस्त होतो, हे नाताळात चर्चमध्ये कळावं. तिथे वाद्यांना मज्जाव नाही. मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत उतरली ती वाजतगाजतच. मिरवणुकीपायी टकरसाहेबांना अटकही झाली. पुढे रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं आली, तीही चर्चने आपली मानली.

नाताळ येतो धनुर्मासात. मुहूर्त थोडे, वादकांचे हात रिकामे. बँकेत असताना त्यांचे कर्जाचे अर्ज माझ्यापुढे येत. उत्पन्न? लग्नसराई. तारण? युफोनियम! कोल्हापुरातल्या चर्चनी नाताळच्या गायनाला अशा सहा जणांना बोलवावं. नोटेशन अनेकांना येत नसेल. पण सिनेमाचं नवं गाणं कानाने बसवणाऱ्यांना भजन जड जाणार नाही. थंडीत पितळेचा सूर उतरतो, वाद्य आधी फुंकून गरम करावं लागतं, हे तर त्यांना कुणी शिकवायलाच नको.

मानधन मात्र वरातीइतकंच द्यावं. आणि ते वाजवत असताना कुणी उठून नाचू नये.