आवाजाची मर्यादा कोणी ठरवायची?

पवनचक्कीच्या आवाजाविरुद्ध कोणी न्यायालयात गेला की दोन आरोळ्या उठतात. प्रकल्पवाले त्याला प्रगतीचा शत्रू म्हणतात. पवनऊर्जेचे विरोधक चक्क्याच बंद करा म्हणतात. इंग्लंडमधील डेन ब्रूकचा खटला या दोन्ही आरोळ्या पोकळ ठरवतो.

डेव्हन परगण्यातील या ठिकाणी नऊ पवनचक्क्यांना 2009 साली परवानगी मिळाली. पात्यांबरोबर चढउतार होणाऱ्या आवाजाची व्याख्या परवानगीच्या अटीत होती. परंतु तो मर्यादेत ठेवण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत नव्हते. एका रहिवाशाने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. 2011 साली अपील न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले आणि परवानगी कायम राहिली. मात्र ते बंधन अटीत अध्याहृतच आहे, असा अर्थ न्यायालयाने त्याच निकालात लावला. रहिवासी हरला, पण कागदावरची अट जिवंत झाली.

प्रश्न एका अटीपुरता नाही. ब्रिटनमध्ये ज्या 1996 च्या अहवालाच्या आधारे हा आवाज मोजला जातो, त्यात रात्रीची मर्यादा 43 डेसिबल किंवा परिसरातील मूळ आवाजाहून 5 डेसिबल अधिक, यांपैकी जी जास्त ती आहे. ज्याचे प्रकल्पात आर्थिक हितसंबंध आहेत, त्याच्या घरासाठी 43 ऐवजी 45 चालतात. म्हणजे मर्यादा केवळ कानाने ठरत नाही, हिशेबानेही ठरते.

अशा तक्रारींचे भांडवल करणारेही असतात. 2015 साली कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने नियम असे आवळले की, इंग्लंडमध्ये जमिनीवरील नव्या पवनचक्क्या जवळजवळ थांबल्या. ते निर्बंध 2024 साली उठले. दरम्यान झोपमोड झालेल्या शेजाऱ्याला चांगला निकष मिळाला नाही आणि देशाला स्वस्त वीजही मिळाली नाही.

योग्य दिशा नेदरलँड्सच्या राज्य परिषदेने 2021 साली दाखविली. पर्यावरणीय मूल्यांकनाविना केलेले आवाजाचे राष्ट्रीय निकष वापरता येणार नाहीत, असा निर्णय तिने दिला. पवनऊर्जा नाकारली नाही. निकष रीतसर करा, एवढेच सांगितले.

भारतात 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात पवनऊर्जा नाहीच. त्यामुळे त्या अधिसूचनेखालील जनसुनावणीही नाही. वारा सर्वांचा, पण नफा कंपनीचा आणि आवाज गावाचा, ही वाटणी कष्टकऱ्यांनी का मान्य करावी? पवनऊर्जा हवीच, परंतु चक्की उभी राहण्यापूर्वी गावाचे म्हणणे ऐकले जावे आणि मर्यादा मोडणाऱ्यास जाब विचारता यावा. ही मागणी विजेच्या विरोधात नाही. तिच्यावाचून जनतेची वीज जनतेची होणार नाही.