मुलाचा दुसरा छळ घरी होतो



रामवाडी पेणची असो की रोह्याची, तेथील तुमचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणतो, रात्री ताट सारतो, कोणाशी बोलत नाही. तुम्ही त्याला कामचुकार ठरवून दोन ठेवून देता. वर्गात त्याला काय म्हणून हाक मारतात, हे कधी विचारले आहे काय?

‘बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले, तुला एवढेही सोसत नाही?’ हे वाक्य आपल्याच घरांत ऐकले की मला संताप येतो. साताऱ्याच्या शाळेतील ते गोणपाट खरे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव फळ्याकडे निघताच फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावलेली मुलेही खरी. पण त्याच्या पाठीशी सुभेदार रामजी होते, हे का विसरता? परळच्या एका खोलीत मुलाला लवकर निजवून स्वतः रात्री दोनपर्यंत जागणारा व मग त्याला अभ्यासाला उठवणारा बाप! पुस्तकासाठी विवाहित लेकींपुढे हात पसरणारा बाप! रामजी कडक होते, यात शंका नाही. परंतु शाळा जे देत नव्हती ते त्यांनी घरी दिले. आपण शाळेत मिळते तेच घरी देतो. आणि त्या मुलाने मोठेपणी सोसणे शिकवले नाही. २० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले.

मुख्याध्यापक म्हणतील, ‘मुलांची थट्टा आहे.’ महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात चिडवणे, शिवीगाळ व मानसिक इजा स्पष्टपणे येतात. तक्रारीनंतर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. टाळाटाळ केल्यास अपप्रेरणेचा दोष त्याच्याच माथी येतो. तेव्हा तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. (पोच न घेता परतणारे आपले लोक मी फार पाहिले.) चारचौघांदेखत जातिवाचक शिवी दिली असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. बौद्ध झाल्याने ते संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या बौद्धांनाही ती मान्यता दिली आहे.

पण प्रथम मुलाने तोंड उघडले पाहिजे, आणि हात उगारणाऱ्या बापापुढे ते कोण उघडील? आज रात्री त्याच्याजवळ बसा. गुण विचारू नका. तो गप्प राहिला तरी उठू नका. जगणे नकोसे झाले असे तो बोलला, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, अथवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.