डाळ भिजत कोणी घालायची?

'झटपट', 'पौष्टिक', 'दहा मिनिटांत तयार' अशा पाककृतींची सध्या रेलचेल आहे. मोबाइल उघडला की एक, रविवारची पुरवणी उघडली की दुसरी. वाचायला मलाही आवडतात. पण मी भाषेची शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे पाककृती वाचतानाही माझं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं. 'डाळ रात्री भिजत घालावी.' 'सकाळी उपसून घ्यावी.' 'कांदा बारीक चिरून मंद आचेवर परतावा.' या वाक्यांत कर्ता कुठेच नाही. उर्दूतही तेच, 'दाल रात भर भिगो दें'. कोणी, ते लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच वाटत नाही, कारण लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. ती घरातली बाईच.

म्हणून मला वाटतं, धावपळीच्या घरात साधं आणि पौष्टिक काय करावं हा प्रश्न आपण अर्धाच विचारतो. काय करावं हे बहुतेकांना माहीत असतं. ते कोणी करावं, हा उरलेला अर्धा प्रश्न आपण टाळतो आणि त्याचीच किंमत मुलांच्या डब्यात दिसते.

मधल्या सुट्टीत वर्गातून एक फेरी मारली तरी पुरे. दोन-चार डब्यांत चपाती-भाजी असते, एखाद्यात भाकरी आणि शेंगाचटणी. बऱ्याच मुलांच्या हातात मात्र दहा रुपयांचं चकाकतं पाकीट. काही शिक्षक लगेच म्हणतात, "आजकालच्या आयांना कंटाळा येतो." मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. आमच्या सोलापुरात कुणाची अम्मी विड्या वळते, कुणाची टॉवेलला शिलाई मारते, कुणाची चार घरची धुणीभांडी करते. पहाटे पाणी येतं तेव्हा उठून पाणी भरायचं, मग चुलीला लागायचं, मग स्वतःच्या कामाला. अशा घरात पाकीट येतं ते कंटाळ्यामुळे नाही. ते येतं कारण सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात एकटीच बाई उभी असते आणि तिला दोनच हात असतात.

पैशाचा हिशेब केला तर पाकीट स्वस्तही नाही. फुटाण्यांचा भाव किलोला दीडशेच्या आसपास धरला तर दहा रुपयांत साठ-पासष्ट ग्रॅम फुटाणे येतात. त्यांत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं असतात. सरकारच्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा निकष आहे. म्हणजे मूठभर फुटाण्यांत जेवणाच्या निकषाएवढी प्रथिनं. नुसत्या फुटाण्यांवर मुलाने राहावं असं मी म्हणत नाही, पण मीठ, तेल आणि मसाला लावलेल्या पाकिटाशी त्यांची तुलनाच नको. फुटाण्यांना शिजवणं नाही, भांडं घासणं नाही. तरीही ते डब्यात जात नाहीत, कारण आदल्या दिवशी दुकानातून आणून सकाळी आठवणीने पिशवीत भरणारं दुसरं कोणी घरात नसतं.

आमच्या स्वयंपाकघराबद्दल बाहेर एक समज आहे. मुसलमानांच्या घरी रोज बिर्याणी शिजते, असं माझ्या ओळखीच्या शिकल्या-सवरल्या माणसांनाही वाटतं. रोजच्या दस्तरखानावर काय असतं ते त्यांनी येऊन बघावं. खिचडी-खट्टा, डाळ-भात, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, आठवड्यातून एखादा दिवस गोश्तचं सालन, तेही दुधीभोपळा किंवा मेथी घालून वाढवलेलं. दालचा म्हणजे काय? थोडं गोश्त, जास्त डाळ आणि भोपळा. खिचडा म्हणजे गहू, डाळी आणि गोश्त एकत्र शिजवलेलं. आमच्या आज्यांना प्रथिनं हा शब्द माहीत नव्हता, पण धान्याला डाळीची जोड द्यायची हे त्यांना ठाऊक होतं. शिळ्या चपातीचा गूळ-तूप घालून केलेला मलीदा हा आमचा जुना झटपट खाऊच. त्यात मूठभर शेंगदाण्याचं कूट घातलं तर शाळेतून आलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही.

पण घरातही एक समज आहे आणि तो बाहेरच्यापेक्षा जास्त नुकसान करतो. गोश्त म्हणजे खरं जेवण, डाळ म्हणजे नाइलाज. मग सालनातले तुकडे आधी मर्दांना, मग मुलांना, आणि करणारीच्या वाट्याला रस्सा. ती सगळ्यांच्या मागून जेवते, बहुतेकदा उभ्यानेच, आणि वर लगेच चहा घेते. चहा जेवणाबरोबर किंवा लागोलाग घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळीवर लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त चांगलं लागतं. ही साधी गोष्ट तिला कोणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. सगळ्या घराच्या पोषणाची जबाबदारी जिच्यावर टाकलेली, तीच घरात सगळ्यात अशक्त. हे आपल्याला दिसत नाही, कारण ती तक्रार करत नाही.

पुरुषांना स्वयंपाक जमत नाही, हे कारण मी मानत नाही. आमच्या समाजात तर मुळीच मानत नाही. लग्नात देग कोण चढवतं? मुहर्रममध्ये मोहल्ल्यात खिचडा घोटणारे कोण असतात? पहाटेपासून लाकडी घोटण्याने देग घोटणारी तरुण पोरं मी लहानपणापासून पाहते आहे. शीगकबाबच्या गाड्यावर, निहारीच्या हॉटेलात पुरुषच असतात. आखातात नोकरीला गेलेले आमचे कितीतरी भाऊ-भाचे एका खोलीत आठ-आठ जण राहतात आणि पाळीपाळीने स्वयंपाक करतात. तिथे कुणाची डाळ चांगली, कुणाच्या हातचा भात मोकळा, याच्या गप्पा फोनवर सांगतात. तीच माणसं दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आली की पाण्याचा ग्लासही हातात मागतात. म्हणजे हात येतो, घरात चालवायचा नसतो. शंभर माणसांसाठी शिजवलं तर कर्तृत्व आणि चौघांसाठी शिजवलं तर बायकी काम, हा कुठला हिशेब?

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. जे घरकाम करतात अशांपैकी स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं करतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष २६. आकडे सगळ्या देशाचे आहेत, एकट्या मुसलमानांचे नाहीत. तेव्हा कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटू नये.

धर्माचं नाव पुढे करून हे चालू ठेवणाऱ्यांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. पैगंबर घरात असताना काय करत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला निघत, असं त्यांनी सांगितलं. ही हदीस बुखारीत आहे. दाढीची लांबी आणि पायजम्याची उंची यांवर तासभर बोलणाऱ्यांकडून ही सुन्नत मी क्वचितच ऐकते. रमजानमध्ये तर ती रोज आठवावी. सहरीला सगळ्यांच्या आधी तासभर उठणारी आणि इफ्तारच्या आधी कढईसमोर घामाघूम उभी असणारी बाईसुद्धा रोज्यातच असते. खजूर, फळं, उकडलेले चणे आणि लिंबू-कांदा एवढ्यावर इफ्तार झाली तर रोजा कमी होत नाही. तळण कमी झालं की पोटालाही बरं आणि तिला अस्रनंतर घडीभर टेकताही येतं.

यात सगळ्यात मोठं नुकसान मुलींचं होतं. आईला मदत हवी असते, ती साहजिकच मुलीकडून घेतली जाते. आठवी-नववीतल्या मुली पहाटे उठून चपात्या लाटून येतात आणि दुसऱ्या तासाला पेंगतात. त्याच घरातला भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, तिने भरलेला डबा घेऊन येतो. परीक्षेत मागे पडली की "तिचं डोकं अभ्यासात नाही" म्हणून तिला घरी बसवतात. डोकं अभ्यासात नाही की डोळ्यावर झोप आहे, हे कोणी विचारत नाही. "तिला सासरी करावंच लागणार," असं पालकसभेत आया मला सांगतात. मी म्हणते, बाजी, मुलग्याला पुण्याला शिकायला जावं लागणार आहे की नाही? तिथे तो वडापावावर आणि नूडल्सवर वर्ष काढणार आणि पोट बिघडवून घेणार. डाळ-भात शिकवला असता तर वाचला असता.

म्हणून साध्या जेवणाची माझी व्याख्या अशी आहे: घरातल्या किमान तिघांना जे करता येतं ते साधं. दहा मिनिटांत होणारा पण एकाच माणसाला जमणारा पदार्थ साधा नाही, कारण ते माणूस आजारी पडलं की घर उपाशी.

आमच्या घरात आम्ही चौघं आणि माझ्या सासूबाई. मी शाळेत, शौहर दुकानात, मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. गेली काही वर्षं आमचं असं चालतं. रविवारी शौहर शेंगदाणे भाजतात, मुलं सोलतात आणि लसूण-तिखट-मीठ घालून शेंगाचटणी कुटली जाते. ती हवाबंद बरणीत कितीतरी दिवस टिकते. कडक भाकरी आम्ही विकत आणतो, सोलापूरकरांना त्याचं महत्त्व सांगायला नको. दही, कडक भाकरी, चटणी आणि एक कांदा म्हणजे गॅस न पेटवता झालेलं जेवण. बुधवारी रात्री मटकी भिजवायची जबाबदारी मुलीची आणि गुरुवारी ती फडक्यात बांधायची मुलाची. शुक्रवारी सकाळी मोड आलेले असतात. अर्ध्या मटकीला वाफ देऊन कांदा-लिंबू घालून डब्यात, उरलेल्या अर्ध्याची संध्याकाळी उसळ. आठवड्यातून दोनदा अंडी उकडायची, ते काम मुलाचं.

मंगळवारची खिचडी शौहरांची. एक वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ, साडेचार-पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, मूठभर चिरलेला पालक, कुकरच्या तीन शिट्ट्या. वरून जिऱ्या-लसणाची फोडणी आणि लिंबू. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. "मर्दाच्या हातात चमचा शोभत नाही," म्हणायच्या. आता मंगळवारी त्याच विचारतात, "आज खिचडीत मिरे घालणार ना?" त्यांच्या वयाला मऊ खिचडी सोसते, हाही भाग आहेच.

लहान मुलांना चुलीजवळ सोडा, असं माझं म्हणणं नाही. सात-आठ वर्षांचं मूल शेंगदाणे सोलू शकतं, कोथिंबीर निवडू शकतं, लिंबू पिळू शकतं. बारा वर्षांचं मूल मोठं माणूस जवळ असताना कुकर लावू शकतं. पंधराव्या वर्षी डाळ, भात, अंडं आणि जेमतेम गोल चपाती यायला हवी, मुलगा असो की मुलगी. चपाती गोल झाली नाही तरी पोटात गेल्यावर काही फरक पडत नाही.

"आमच्याकडे हे जमणार नाही, घरचे ऐकणार नाहीत," असं अनेकजणी म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. सगळं एका दिवसात बदलत नाही आणि भांडून तर नाहीच. पण एक काम ठरवून दुसऱ्याच्या नावावर करता येतं. एकच. सगळ्यांना दिसेल असा कागद भिंतीवर लावा आणि त्यावर लिहा, 'बुधवार, मटकी भिजवणे,' आणि पुढे घरातल्या एखाद्या पुरुषाचं किंवा मुलग्याचं नाव. पहिल्या आठवड्यात तो विसरेल. विसरू द्या, त्याच्याऐवजी उठून तुम्ही भिजवू नका. शुक्रवारी डब्यात मटकी नसली तर फुटाणे आहेत, केळं आहे, चटणी-भाकरी आहे, कुणी उपाशी राहत नाही. दुसऱ्या बुधवारी त्याला आठवण राहील.